अकरावीच्या वर्गातील नाटक : घर कोणाचे, प्रश्न कोणाचे?

2019 साली आलेल्या अकरावीच्या मराठी ‘युवकभारती’त नाटकाला स्वतंत्र विभाग मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. त्यात तीन उतारे आहेत : दिलीप प्रभावळकरांचे ‘हसवाफसवी’, प्रशांत दळवींचे ‘ध्यानीमनी’ आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘सुंदर मी होणार’. हदगावच्या वर्गात मी हा विभाग शिकवला आहे. समोरची निम्मी मुले तामसा, निवघा या बाजूंनी एस.टी.ने येणारी. त्यांपैकी बहुतेकांनी नाट्यगृह आतून पाहिलेले नाही. नाटकाची त्यांची पहिली ओळख म्हणजे हे तीन उतारे.

ही नाटके कमअस्सल आहेत असे मी म्हणणार नाही. नसलेल्या मुलाला असलेला मानून जगणारी ‘ध्यानीमनी’तली बाई आमच्या मुलींना लगेच कळते, मूल नसलेल्या बाईला गाव कसे वागवते, ते त्यांनी पाहिलेले असते. ‘सुंदर मी होणार’मधल्या संस्थानिक बापाची दहशतही कळते. ‘हसवाफसवी’चे बळ मात्र एका नटाने पालटलेल्या रूपांत आहे, कागदावर ते निम्मेच उतरते. परंतु या तिन्ही नाटकांतले दुःख घराच्या आतले आहे. ज्याला त्या घराचा उंबरठाच ओलांडू दिला जात नाही, त्याचे दुःख निवडीत आलेले नाही. जात हा नाटकाचा विषय होऊ शकतो, हे विद्यार्थ्याला कळणार कसे?

नाटके नव्हती म्हणून असे झाले काय? जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ 1855 साली लिहिले. जोशाने लुबाडलेले कुणबी जोडपे अखेरीस शाळेची वाट धरते, असे ते नाटक. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. शिक्षणावरचेच नाटक शिक्षणाच्या पुस्तकाबाहेर राहावे, याला योगायोग म्हणणे मला जड जाते.

दुसरे उदाहरण नांदेडचेच आहे. दत्ता भगतांच्या ‘वाटा-पळवाटा’त काका, प्राध्यापक सतीश आणि तरुण अर्जुन अशा तीन पिढ्या आंबेडकरी चळवळीच्या वाटेवरून भांडतात. हे भांडणही घरातच होते. म्हणजे दिवाणखाना हा मुळात दोष नव्हे; त्यात कोणता प्रश्न येऊन बसतो, हे महत्त्वाचे. शिवाय येथे दलित माणूस केवळ सोसणारा नाही. तो वाद घालतो, चुकतो, स्वतःच्या सोयी तपासतो. नांदेड जिल्ह्यातला विद्यार्थी हे नाव न ऐकता बारावी होतो.

तथापि, चौथा उतारा घातला की काम झाले, असे मी मानत नाही. उतारा वाचायचा, स्वभावविशेष लिहायचे, गुण घ्यायचे, या रीतीने ‘वाटा-पळवाटा’ही मरेल. वर्गात भूमिका वाटताना मालक कोण होतो आणि गडी कोण, प्रमाणभाषा कोणाला येते आणि मागच्या बाकावर कोण गप्प राहतो, येथूनच नाट्यशिक्षण सुरू झाले पाहिजे. वस्तीतल्या मुलाने संस्थानिकाचे वाक्य अधिकाराने म्हणावे आणि पाटलाच्या मुलाने पाणी मागणाऱ्याचे म्हणावे. दुसऱ्याच्या जागी उभे राहणे हे येथे अंगाने शिकावे लागते.

इंग्लंडात सोळा ते अठरा वयाची मुले नाटक हा स्वतंत्र विषय घेऊ शकतात आणि तेथे प्रयोगालाही गुण असतात. आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांनीच बाबासाहेबांसमोर केले. दलित रंगभूमीच्या आरंभी मराठवाड्यातला विद्यार्थी नट होता. आज तो केवळ परीक्षार्थी उरला आहे.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना साधी आहे. तोंडी परीक्षेच्या 20 गुणांतले काही गुण प्रयोगाला द्या. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका घ्या. तिला मोजकी पात्रे लागतात, पडदा नसला तरी चालते. बाके भिंतीला लावली की जागा होते. पाठ्यपुस्तक बदलण्याची मागणी अभ्यास मंडळाकडे करायचीच आहे, पण बाके हलवायला कोणाची परवानगी लागत नाही.