‘२७ डाउन’ : विषण्णतेचे आकर्षण आणि तिची मर्यादा

अवतार कृष्ण कौल यांचा ‘२७ डाउन’ (१९७४) हा हिंदी चित्रपट रमेश बक्षी यांच्या ‘अठारह सूरज के पौधे’ या कादंबरीवर आधारलेला आहे. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला. १९७४ मध्येच कौल यांचे अकाली निधन झाले आणि ही त्यांची एकमेव कृती ठरली. तिच्याविषयीच्या आस्थेचे मूळ अनेकदा या दुर्दैवात शोधले जाते. वस्तुतः ते चित्रपटाच्या घडणीतच आहे.

नायक संजय वडिलांच्या आग्रहाखातर कलाशिक्षण सोडून रेल्वेत तिकीट तपासनीस होतो. मुंबईत आयुर्विमा महामंडळात नोकरी करणाऱ्या शालिनीवर त्याचे प्रेम जडते. पण विवाह वडिलांनी ठरविलेल्या मुलीशी होतो. या कथेत खलपुरुष नाही. वडिलांचा हट्टही स्थैर्याच्या काळजीतून आलेला आहे. संजयची विषण्णता नियतीने लादलेली नसून, वेळीच न दिलेल्या नकाराची ती परिणती आहे. अखंड धावणारी गाडी त्याला निर्णयाविना गतीचा आभास पुरविते. कुटुंबाचा भार वाहणारी शालिनी त्याच्या निष्क्रियतेचे मोजमाप ठरते.

माध्यमांतराच्या दृष्टीने निवेदन आणि दृश्य यांतील अंतर विशेष महत्त्वाचे आहे. संजयचे स्वगत त्याच्या दुःखाला अनन्यतेचा दर्जा देऊ पाहते. अपूर्व किशोर बीर यांचा कृष्णधवल कॅमेरा मात्र व्हिक्टोरिया टर्मिनसच्या फलाटावर लोंढ्याने उतरणारी माणसे दाखवितो. शब्द आत्मकरुणेकडे झुकतात, प्रतिमा त्या करुणेला हजारोंत वाटून टाकते. एम. के. रैना यांचा संयत अभिनय या दोहोंमधील ताण सांभाळतो. प्रेक्षक नायकाशी तादात्म्य पावतो, त्याच वेळी त्याला दुरूनही पाहतो. चित्रपटाचे आकर्षण या दुहेरी अवस्थेत आहे.

तथापि हे अंतर सर्वत्र राखले गेलेले नाही. हुंड्यात म्हशी घेऊन आलेली पत्नी प्रामुख्याने नायकाच्या घृणेतूनच दिसते. तिचाही विवाह इतरांनीच ठरविलेला आहे, तिलाही नकाराची संधी मिळालेली नाही. मात्र तिच्या वाट्याला ना स्वगत येते, ना प्रवास. संजयची विषण्णता मनाला भिडते, कारण तिला व्यक्त होण्याची सोय उपलब्ध आहे. अशा कृतींच्या आस्वादात सहानुभूती कोणाला मिळाली यासोबतच ती कोणापर्यंत पोहोचली नाही, याचीही नोंद समीक्षेने घेणे आवश्यक ठरते.