जेकचा दोष कोणत्या न्यायालयात?

आता ‘अ‍ॅनिमॉर्फ्स’कडे वळू. के. ए. अ‍ॅपलगेट या नावाने १९९६ ते २००१ मध्ये निघालेली, मुलांसाठीची ५४ पुस्तकांची अमेरिकन मालिका. (मधली बरीचशी दुसऱ्यांकडून लिहून घेतलेली, ती जरा फिकी आहेत, असो.)

यीर्क माणसाच्या मेंदूत शिरतात, त्याला आतल्या आत कैद करतात. दुष्टच म्हणायचे ना? पण मंडळी, यीर्कला स्वतःचे डोळे नाहीत. दुसऱ्याचं शरीर बळकावलं तरच त्याला जग दिसतं. गुलामी अक्षम्यच, तरी दोष देताना आपली जीभ अडखळते, आणि लेखिका ती अडखळू देते. तेरा-चौदा वर्षांच्या वाचकावर एवढा विश्वास टाकणारी पुस्तकं आम्ही थोडीच पाहिली.

शेवटाकडे जेक १७,३७२ यीर्क अवकाशात सोडून द्यायचा हुकूम देतो. ते तेव्हा कुंडात होते, म्हणजे आंधळे, निःशस्त्र. पुढे हेगला यीर्कांच्या सेनानीवर खटला चालतो आणि बचावपक्ष हाच आकडा जेकसमोर ठेवतो. कार्ल यास्पर्सने १९४६ साली कायद्याचा अपराध आणि नैतिक अपराध वेगळे केले. पहिल्याचा निवाडा कोर्ट करतं, दुसऱ्याचा स्वतःची सदसद्विवेकबुद्धी. जेक तिथे आरोपी नव्हताच. तरी तो सुटत नाही.

आम्हाला अधिक अडवते ती कॅसी. जेकच्या हातून सख्खा भाऊ मरू नये म्हणून ती रूपांतराचा ठोकळा शत्रूच्या हाती जाऊ देते. त्यातूनच काही यीर्कांना गुलामांविना जगायची वाट मिळते. पण तोवर किती मेले?