सौंदर्य आणि उपद्रव

जो किडा दिसतांच चिरडावा असें सरकारच प्रजेस सांगतें, त्याचें चित्र काढून भिंतीवर लावणें हें रसिकतेचें लक्षण कीं बेजबाबदारपणाचें? अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्यांत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाहीं. आशियांतून आलेला ठिपकेदार लँटर्नफ्लाय तेथील बर्क्स परगण्यांत २०१४ सालीं प्रथम आढळला. इंचभर लांबीचा हा किडा द्राक्षवेलींचा रस शोषतो. त्याच्या अंगांतून गळणाऱ्या गोड स्रावावर काळी बुरशी चढते, आणि वेली खंगतात. अशा या शत्रूचीं चित्रें तेथील कांहीं चित्रकार मोठ्या आवडीनें काढूं लागले आहेत.

आमच्या मतें आक्षेप घ्यावयाचा तर तो किड्यास सुंदर मानण्यावर नव्हे, त्याला अर्धवट पाहण्यावर घ्यावा. किडा बसलेला असतां त्याचे करडे, काळ्या ठिपक्यांचे पंख तेवढे दिसतात. खालचा लालभडक रंग तो उडाला अगर भ्याला म्हणजेच उघडा पडतो. पांढऱ्या कागदाच्या मधोमध, चारी पंख पसरून काढलेलें चित्र कितीही हुबेहूब असलें तरी तें टांचणीनें टोचलेल्या प्रेताचें चित्र होय. हुबेहूबपणा म्हणजे वास्तववाद नव्हे.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यानें १५०५ सालीं काढलेला, शिंगांसारख्या जबड्यांचा भुंगेरा पाहावा. त्याच्या पायांखालची सावली हाच त्या चित्राचा प्राण. तो कागदावरून चालला आहे असें वाटतें. मारिया सिबिला मेरियन या विदुषीनें याहून पुढें पाऊल टाकलें. १६९९ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, ती सुरिनामला गेली, आणि १७०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तिनें किडे वनस्पतींवर, कुरतडलेल्या पानांसह दाखविले. दक्षिण अमेरिकेंतील लँटर्नफ्लाय रात्रीं प्रकाशतो, हें तिचें विधान पुढें खोटें ठरलें; परंतु सुरवंटानें पान खाल्ल्यावांचून फुलपांखरूं होत नाहीं, हें तिच्या चित्रांतील सत्य टिकलें.

हीच कसोटी येथेंही लावावी. पेनसिल्व्हेनियांतील या किड्याच्या चित्रांत काळवंडलेली द्राक्षवेल हवी, आणि त्याचें आवडतें एलँथसचें झाडही हवें. हें चिनी झाड विल्यम हॅमिल्टन यानें १७८४ सालीं फिलाडेल्फियांत आणलें, तें बागेच्या शोभेकरितां! आपल्याकडील घाणेरीची हकीकत तरी कोठें निराळी आहे? एका सौंदर्याच्या हौसेनें या किड्याचें पान जणूं सव्वादोनशें वर्षें आधींच वाढून ठेविलें होतें.

म्हणून किड्यास सुंदर म्हणणें म्हणजे त्यास अभय देणें नव्हे. बागाइतदारानें त्याला मारावें. आपण काय मारतों तें चित्रकारानें दाखवावें. कुरूप ठरवून मारणें सोपें, परंतु तें असत्य आहे. आणि सुंदर म्हणून वेलींची हानि न पाहणें हेंही तितकेंच असत्य. पंखांचा रंग आणि वेलीचा ऱ्हास हीं दोन्हीं एकाच फलकावर धरून ठेवण्याचें धैर्य ज्या चित्रांत असेल, तेंच खरें वास्तववादी चित्र.