‘इंडियन हॉर्स’ : उपचारकेंद्रात न मावणारी गोष्ट

रिचर्ड वॅगामीस (१९५५-२०१७) यांची ‘इंडियन हॉर्स’ (२०१२) ही कादंबरी कॅनडातील आदिवासी मुलांच्या निवासी शाळांवरची कादंबरी म्हणून ओळखली जाते. ही ओळख मला अपुरी वाटते. शाळेइतकीच ती शाळेनंतरच्या उपचारांविषयी आहे. मी मानसशास्त्राचा पदवीधर नाही. ग्रंथालयात मिळेल ते वाचत या विषयाकडे आलो, आणि ‘संस्कृतीचे भान असलेले समुपदेशन’ या अलीकडे रुळलेल्या कल्पनेची खरी परीक्षा मला या कादंबरीत सापडली.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. सरकार आणि चर्च यांनी एकोणिसाव्या शतकापासून १९९०च्या दशकापर्यंत चालवलेल्या या शाळांत सुमारे दीड लाख मुले घातली गेली. घरची भाषा बोलले तर शिक्षा होई. २००८मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. सत्य व सलोखा आयोगाने २०१५मध्ये ९४ शिफारशी केल्या. वॅगामीस ओजिब्वे. ते स्वतः अशा शाळेत नव्हते, पण त्यांच्या आधीची पिढी होती, आणि त्यांचे बालपण परक्या घरांत गेले.

कादंबरीचा निवेदक सॉल व्यसनमुक्ती केंद्रात आहे. वर्तुळात बसून प्रत्येकाने आपली कहाणी सांगायची, अशी तिथली रीत. वर्तुळ आदिवासी परंपरेतलेच, तरी सॉलच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग त्याला लिहायची मुभा मिळते, आणि ते लेखन म्हणजेच ही कादंबरी. परंपरेतले एखादे रूप उचलून उपचारात बसवले की मन मोकळे होईलच असे नाही, हे वॅगामीस पहिल्याच पानांत सांगून टाकतात.

शाळेत पहाटे उठून बर्फ साफ करणारा, घोड्याच्या गोठलेल्या लिदीचे गोळे मारत हॉकीचा सराव करणारा सॉल आपल्याला आवडू लागतो. त्याला खेळाची वाट दाखवणारा पाद्रीही भला वाटतो. त्यानेच सॉलचा लैंगिक छळ केला होता, हे शेवटाकडे, सॉल शाळेच्या अवशेषांपाशी परत जातो तेव्हा कळते. ही वाचकाची फसवणूक आहे, असा आक्षेप घेता येईल. मला तो मान्य नाही. निवेदकाने जे स्वतःपासून लपवले, ते तो आपल्याला आधी कसे सांगणार? इथे रचना आणि आशय वेगळे काढता येत नाहीत.

तिथून सॉल पूर्वजांच्या गॉड्स लेककडे जातो आणि अखेर केली दांपत्याच्या घरी परततो. ते दोघेही त्याच शाळेतून गेलेले आहेत. म्हणजे केंद्र त्याला लिहिते करते. सावरतात ती जमीन, पूर्वज आणि तेच भोगलेली माणसे.

याला अभ्यासाचा आधार आहे. मायकल चँडलर आणि क्रिस्टोफर लालोंड यांनी १९९८मध्ये ब्रिटिश कोलंबियातील आदिवासी समुदायांमधील तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक समुदायांत, अभ्यासाच्या काळात, एकही आत्महत्या झाली नव्हती. जमिनीचा दावा, स्वशासन, शाळा, आरोग्यसेवा यांसारख्या बाबी जिथे समुदायाच्या हाती अधिक होत्या, तिथे प्रमाण कमी होते. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण मुलाचे मन आणि गावाचा कारभार यांचा एकत्र विचार करणे भाग पडते.

कादंबरीची उणीवही इथेच आहे. मेलेल्या थोरल्या मुलाचे शव घेऊन गेलेले सॉलचे आईवडील परतत नाहीत, आणि कथाही त्यांच्याकडे परतत नाही. मूल गमावलेल्या घराला कोणता आधार हवा होता, हा प्रश्न वॅगामीस सोडून देतात. गॉड्स लेकवरचे पूर्वजांचे दर्शनही मला काहीसे सहज घडल्यासारखे वाटते.

आपल्याकडच्या आश्रमशाळांशी या शाळांची तुलना ताणू नये. त्यांचे हेतू वेगळे आहेत. पण कोरकू किंवा गोंडी बोलणारे सहा-सात वर्षांचे मूल वसतिगृहात गप्प गप्प राहू लागले, तर त्याला काय होतेय हे कोण विचारते, कोणत्या भाषेत विचारते, आणि त्याच्या आईला त्यात कुठे जागा असते? ‘इंडियन हॉर्स’ मराठीत वाचली जावी, ती या प्रश्नांसाठी.