कृत्रिम विश्वाचे वारसदार : ‘रिंगवर्ल्ड’, तिलिस्म आणि मराठी विज्ञानकथा

मराठी विज्ञानकथेची समीक्षा प्रामुख्याने एकाच कसोटीवर होत आलेली आहे. कथेतील विज्ञान बिनचूक आहे काय आणि तिच्या वाचनाने वैज्ञानिक दृष्टिकोन रुजण्यास मदत होते काय, हे दोन प्रश्न विचारले की समीक्षकाचे काम संपले, असा जणू रिवाजच पडून गेला. यामागे इतिहास आहे. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ साली झाली आणि परिषदेच्याच स्पर्धेत १९७४ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. आधुनिक मराठी विज्ञानकथा विज्ञानप्रसाराच्या अंगणातच वाढली. तिथे ही कसोटी स्वाभाविक होती आणि तिने चांगले कामही केले.

परंतु विज्ञानकथेचा एक प्रकार असा आहे की, त्याच्यापुढे ही कसोटी अपुरी पडते. हजार-पाचशे वर्षांपुढचा काळ आणि निसर्गाने नव्हे, तर कोणीतरी घडविलेले विश्व, अशी त्याची मांडणी असते. प्रस्तुत लेखात या प्रकारातील एक गाजलेली कादंबरी, लॅरी निव्हन या अमेरिकन लेखकाची ‘रिंगवर्ल्ड’ (१९७०), विचारासाठी घेतली आहे. तिच्या शेजारी उर्दूतील ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ठेवली आहे. ही जोडी काहींना विजोड वाटेल. पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींत शिकविणाऱ्या अध्यापकाला मात्र ती तशी वाटू नये. येथे एकाच वर्गात घरी मराठी बोलणारा, मदरशात उर्दू अक्षरे गिरवून आलेला आणि पाठ्यपुस्तके हिंदीतून वाचणारा असे विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात. त्यांच्यासमोर साहित्यकृती ठेवताना एका भाषेच्या परंपरेचा चष्मा पुरत नाही, हा रोजचा अनुभव आहे.

‘रिंगवर्ल्ड’चे कथानक २८५० साली सुरू होते. लुई वू हा दोनशे वर्षांचा माणूस, टीला ब्राऊन ही तरुणी आणि दोन परग्रहवासी एका अजब रचनेच्या शोधात निघतात. ती रचना म्हणजे एका ताऱ्याभोवती फिरणारे अवाढव्य कडे. त्याची त्रिज्या पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराएवढी, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, आणि रुंदी सुमारे १६ लाख किलोमीटर आहे. ते सेकंदाला साधारण १,२४० किलोमीटर वेगाने फिरते; त्या फिरण्यामुळेच आतल्या बाजूवरील माणसाला आपण जमिनीवर उभे आहोत असे वाटते. हवा सांडू नये म्हणून दोन्ही कडांना सुमारे १,६०० किलोमीटर उंच भिंती आहेत. सूर्य कायम डोक्यावर असल्यामुळे रात्रही बनवावी लागते. त्यासाठी ताऱ्याजवळ काळे चौकोनी पडदे फिरत ठेवलेले आहेत. एकूण जमीन सुमारे तीस लाख पृथ्वींएवढी भरते.

आकडे डोळे दिपविणारे आहेत, आणि पुष्कळ वाचक तेथेच थांबतात. खरी चमत्कृती मात्र या विश्वात काय नाही, याच्यात आहे. तेथे जमिनीखाली जमीन नाही. थोडी माती खरवडली की खाली कृत्रिम पत्रा लागतो, आणि पत्र्याखाली रिकामे अवकाश. खनिज नाही, खाण नाही, भूकंप नाही. सौंसरच्या विद्यार्थ्याला हे समजावून सांगणे सर्वांत सोपे. भूविज्ञानात ‘सौंसर समूह’ या नावाने ओळखले जाणारे खडक त्याच्याच गावावरून ओळखले जातात. शंभर कोटी वर्षांच्या घरातील, किंबहुना त्याहूनही जुन्या या खडकांत मँगनीज आहे. त्यांतील एका खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव मिळाले. सौंसरची जमीन स्वतःचा इतिहास पोटात घेऊन बसली आहे. कड्यावरच्या जमिनीला पोटच नाही. म्हणूनच निव्हनच्या कड्यावरील सर्वांत उंच पर्वत हा पर्वत नसतोच. खालून आदळलेल्या एका अशनीने पत्रा वर फोडला, त्याचा तो उंचवटा आहे. स्थानिक लोक त्याला देवाची मूठ मानतात. प्रत्यक्षात ते भोक आहे. ज्या विश्वात डोंगर निसर्गतः उभाच राहू शकत नाही, तेथे डोंगर म्हणजे जखम, ही कल्पना निव्हनच्या प्रतिभेचे खरे माप दाखविते.

कादंबरीचे पुढील आयुष्य तिच्या मजकुराइतकेच बोधक आहे. १९७१ साली बॉस्टनला भरलेल्या विज्ञानकथा-संमेलनात एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी हे कडे स्थिर राहूच शकत नाही, अशा घोषणा दिल्या. त्यांचे म्हणणे बरोबर होते. ताऱ्याभोवती ग्रह फिरतो तसे अखंड कडे फिरत नाही. ते किंचित जरी सरकले तरी सरकतच जाते आणि अखेर ताऱ्यावर आदळते. एकसंध घन कडे स्थिर राहू शकत नाही, हे मॅक्सवेलने शनीच्या कड्यांचा अभ्यास करताना १८५० च्या दशकातच दाखविले होते. मराठी समीक्षेच्या प्रचलित कसोटीवर कादंबरी येथे नापास झाली. निव्हनने काय केले? त्याने दुसरी कादंबरी लिहिली. १९८० च्या सुमारास आलेल्या ‘द रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स’मध्ये त्याने सांगितले की कड्याच्या काठावर ते जागेवर ठेवणारी इंजिने मुळात होतीच. मग ती गेली कोठे? कड्यावर पुढे राहिलेल्या नगरवासीयांनी ती उचकटून काढली आणि आपल्या अंतराळयानांना बसविली.

या एका तपशिलामुळे चूक झाकण्यासाठी लिहिलेली कादंबरी मूळ कादंबरीहून खोल गेली आहे. यंत्रे काढणारे लोक दुष्ट नव्हते. ती कशासाठी आहेत हे सांगणारे कोणी उरले नव्हते, एवढेच. त्यांना जग आयते मिळाले होते, आणि आयते मिळालेले जग निसर्गासारखे वाटू लागते. ते आपोआप चालते असा समज होतो आणि त्याचे सुटे भाग वापरायला कोणाची ना नसते. शेवटी लुई वूला कडे वाचविताना त्यावरील रहिवाशांपैकी एक मोठा भाग बळी जाणार हे ठाऊक असूनही निर्णय घ्यावा लागतो. उर्दूत ‘अमानत’ या शब्दात जी जबाबदारी आहे, ती या कादंबऱ्यांचा खरा विषय आहे. मराठीत ‘ठेव’ म्हटले तर अर्थ बँकेकडे जातो.

तथापि निव्हनची मोठी उणीवही येथेच दिसते. कड्यावर अब्जावधी लोक राहतात, पण वाचकाच्या लक्षात राहतो तो बाहेरून आलेला पाहुणा. जमिनीवरून पाहता कड्याची पलीकडची बाजू आकाशात उंच कमानीसारखी दिसते, आणि रहिवासी त्या कमानीची भक्ती करतात. लेखक याकडे गमतीने पाहतो. वास्तविक या लोकांचा तर्क अगदीच चुकीचा नाही. हे जग कोणीतरी घडविले, असे ते मानतात, आणि ते खरेच कोणीतरी घडविलेले आहे. बाराव्या शतकात इब्न तुफैलने ‘हय्य इब्न यक़्ज़ान’मध्ये एकाकी बेटावर वाढलेला मुलगा केवळ निरीक्षण आणि विचार यांच्या जोरावर सृष्टीच्या निर्मात्यापर्यंत कसा पोहोचतो, ते चित्रित केले. कड्यावर असा एखादा हय्य जन्मला असता तर काय झाले असते? त्याचा तर्क निर्दोष ठरला असता, परंतु तो ज्याच्यापर्यंत पोहोचला असता तो परमेश्वर नव्हे, कारागीर. श्रद्धा आणि तर्क यांच्यातील हा पेच एवढ्या मोठ्या कल्पनेतून सहज निघत होता. निव्हनने तो हातचा घालविला. टीला ब्राऊनला ‘नशीबवान असण्याचे वाण’ म्हणून वाढविण्याच्या कल्पनेवर त्याने जेवढी पाने खर्च केली, त्यांतली निम्मी जरी कमानीच्या भक्तांना दिली असती तरी बरे झाले असते.

आता तिलिस्माकडे वळता येईल. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हा दास्तान-ए-अमीर हमज़ाचा सर्वांत प्रसिद्ध भाग. लखनौच्या नवल किशोर प्रेसने तो १८८३ पासून प्रसिद्ध करावयास आरंभ केला. पहिले खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढील अहमद हुसैन क़मर यांचे. होशरुबा हे जादूगारांनी रचलेले विश्व आहे. त्याचे ज़ाहिर, बातिन आणि ज़ुलमात, म्हणजे दृश्य, गुप्त आणि अंधारे, असे तीन प्रदेश आहेत. रक्ताची नदी सीमा आखते आणि तिच्यावर पऱ्यांचा पूल आहे. हा सारा थाट अद्भुताचा असला तरी त्याला नियम आहेत, आणि ते कथा सांगणाऱ्यालाही मोडता येत नाहीत. प्रत्येक तिलिस्माला निर्माता असतो, राखणारा असतो, ठरलेली मुदत असते आणि एक लौह असते. लौह म्हणजे लोखंड नव्हे, पाटी किंवा फलक. मराठी विद्यार्थी येथे हटकून चुकतो. तिलिस्म कसे उलगडते, हे त्या लौहवर लिहिलेले असते आणि ती ज्याच्या नावे नेमलेली आहे त्यालाच ती उपयोगी पडते. होशरुबात तो अमीर हमज़ाचा नातू असद. बादशहा अफ़रासियाब हा निर्माता नव्हे. तोही दुसऱ्याचे राज्य बळकावून बसलेला वारसदारच आहे.

शम्सुर्रहमान फ़ारूक़ी यांनी दास्तानांच्या नवल किशोर मालेतील ४६ खंडांचा अभ्यास करून या वाङ्मयाला ‘पोरखेळ’ या शिक्क्यातून सोडविले. २००५ पासून महमूद फ़ारूक़ी यांनी दास्तानगोईचे प्रयोगही पुन्हा सुरू केले. मात्र दास्तानाकडे विज्ञानकथेच्या अंगाने पाहणे अद्याप पुरेसे झालेले नाही. कड्याला लौह नव्हती, हीच तर निव्हनच्या नगरवासीयांची शोकांतिका. काठावरची इंजिने काढू नका, असे सांगणारी पाटी कोणी ठेवून गेले नव्हते.

फरकही ठळक आहे. असदचे काम तिलिस्म फोडण्याचे. लुई वूचे काम कडे टिकविण्याचे. दास्तानात रचलेले जग हे मायाजाल असते, ते तुटले की खरे जग उरते. कड्याखाली खरे जग नाही; ते तुटले की काहीच उरत नाही. मात्र एका बाबतीत दास्तान वरचढ आहे. तेथील रहिवासी नुसते बघे नाहीत. महरुख़ आणि बहार या जादूगारिणी अफ़रासियाबचा पक्ष सोडून असदला मिळतात. बहार तर खुद्द मलिका हैरतची बहीण. ती रणांगणात अवेळी वसंत फुलविते आणि शत्रू भान हरपतात.

‘बहार’ हा शब्द पांढुर्ण्यात समजावून सांगावा लागत नाही. या पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत, आणि तेथे बहार ‘येत’ नाही, ‘धरला’ जातो. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडायचे आणि फुलोरा हव्या त्या मोसमात घ्यायचा. आंबिया हवा की मृग, हे बागाईतदार ठरवितो. झाडही जंबेरीच्या खुंटावर बांधलेले कलम. पाण्याचे आणि ताणाचे गणित दोन-चार वर्षे चुकले तर बाग वाळते. फ़ारसीतील वसंताचा शब्द येथे माणसाने घडविलेल्या ऋतूसाठी वापरला जातो, आणि दास्तानातील बहारही नेमके तेच करते. काळ्या पडद्यांनी बनविलेली रात्र विद्यार्थ्याला समजावताना दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

मराठी विज्ञानकथेने हा प्रांत फारसा का धुंडाळला नाही? भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, परंतु निव्हनच्या पिढीला तसा भागवत मिळाला नाही, हे एक कारण. दुसरे अधिक अंतर्गत आहे. नारळीकरांच्या कथांत परके तत्त्व बहुधा आपल्या परिचित जगात येते. ‘वामन परत न आला’मध्ये जमिनीखालून सापडलेल्या पेटीतून ते येते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचा प्राध्यापक दुसऱ्या जगात जातो, पण तेही मुंबईच असते आणि तो परत येतो. यामुळे सामान्य वाचकाचा हात सुटत नाही. २०२५ मध्ये नारळीकर निवर्तले तेव्हा त्यांना जे वाचकप्रेम लाभले, त्याचे श्रेय या पद्धतीला पुष्कळसे आहे. तिची मर्यादा अशी की, घडविलेल्या विश्वातच जन्मून तेथेच मरणारा माणूस तिच्यात मावत नाही.

हा माणूस मराठीला अनोळखी मात्र नाही. निव्हनच्या कड्यावर नद्यांबरोबर वाहून गेलेली माती समुद्रांच्या तळाशी साचते. तेथे नवे डोंगर उगवत नसल्यामुळे ती माती नळांनी कडेच्या भिंतीपर्यंत नेऊन पुन्हा जमिनीवर सोडावी लागते. नळ बुजले की हळूहळू सारी जमीन पाण्याखाली जाऊन उघडा पत्रा उरणार. निव्हनने ही व्यवस्था वर्णन केली, पण नळ साफ करणारा रहिवासी त्याने नायक केला नाही. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) आणि बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा कथासंग्रह ज्या भाषेत लिहिला गेला, त्या भाषेला हा नायक सापडणे कठीण नाही. दुसऱ्याने आखलेल्या रचनेत जन्मून तिची घाण उपसणाऱ्याचे, आणि ती रचना निसर्ग नाही हे सर्वांआधी ओळखणाऱ्याचे जगणे मराठीने कागदावर आणलेले आहे. ते अजून विज्ञानकथेच्या पानावर आलेले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आखलेल्या रेषेने पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिले आणि नागपूर त्या रेषेपलीकडे गेले. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. तिच्या उगमाची दंतकथा पळून जाणाऱ्या एका जोडप्याची सांगितली जाते, पण दगड मारणाऱ्याला आणि दगड झेलणाऱ्याला तिची आठवण व्हावी लागत नाही. कमानीची भक्ती करणाऱ्यांचे प्रकरण या वर्गात शिकविताना अध्यापकाने निव्हनसारखे हसून पुढे जाऊ नये. तेथे थांबून, मूळ कारण विसरल्यावरही माणसे एखादी गोष्ट इतक्या निष्ठेने का करीत राहतात, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. उत्तरे मराठीतून येतील, उर्दूतूनही येतील.