पेटलेला हात आणि कच्चा लिंबू

व्हिडीओ गेमविषयी आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा मुलांच्या डोळ्यांविषयी, बुडालेल्या अभ्यासाविषयी. कोणता नियम कशासाठी घातला आणि त्यातून खेळणाऱ्याला आनंद कसा मिळतो, असे रचनेचे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात त्यासाठी एकच खेळ घेतला आहे : ‘एनबीए जॅम’. अमेरिकेतल्या मिडवे या कंपनीने १९९३ साली तो आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या उभ्या यंत्रांवर, आणला. मार्क टर्मेल हे त्याचे मुख्य रचनाकार. दोन मिनिटांत कळणारा, हलकाफुलका बास्केटबॉल अशी त्याची ख्याती आहे. माझे म्हणणे असे की या हलकेपणाच्या आत न्यायाचा एक अवघड प्रश्न बसलेला आहे, आणि तो दिसतो खेळात तरबेज होऊ पाहणाऱ्यालाच.

आधी मूळ खेळ पाहू. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल रचला तो धसमुसळेपणा टाळण्यासाठी. हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत खेळता यावे आणि कोणाचे हातपाय मोडू नयेत, ही गरज होती. लक्ष्य डोक्याच्या वर आणि आडवे टांगले की चेंडू जोरात हाणून काही साधत नाही. तो कमानीने, अलगद सोडावा लागतो. त्यांच्या मूळ १३ नियमांत खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाडणे यांना स्पष्ट मनाई आहे.

‘एनबीए जॅम’ने नेमकी हीच मनाई उठवली. संघात पाचांऐवजी दोन खेळाडू, फाउल नाही, फ्री थ्रो नाही. समोरच्याला ढकलून आडवे पाडणे हा तर इथला नित्याचा व्यवहार. २४ सेकंदांत चेंडू टोपलीकडे गेला पाहिजे आणि टोपलीत उतरू लागलेला चेंडू अडवायचा नाही, एवढी बंधने तेवढी राहिली. खेळाडू मात्र खरे : युटाचे कार्ल मलोन आणि जॉन स्टॉक्टन, शिकागोचे स्कॉटी पिपेन आणि होरेस ग्रँट. (मायकेल जॉर्डन नाहीत, त्यांच्या नावाचे हक्क लीगच्या कराराबाहेर होते.) छायाचित्रांवरून घेतलेले हे खरे चेहरे टोपलीच्याही वर उड्या मारतात, हवेत कोलांट्या घेतात. पाहणाऱ्याला हसू येते आणि तरी तो समोरच्या पडद्याला खोटे म्हणत नाही.

कविता आवडायला कविता लिहिता यावी लागत नाही. या खेळाचे तसे नाही. तो दुरून पाहिला तर नुसता गोंगाट. हात बसू लागला की त्यातला आकार दिसू लागतो. एक दांडी आणि तीन बटणे : टर्बो, फेक, पास. चेंडू समोरच्याकडे असला की शेवटची दोन अडवण्याची आणि हिसकावण्याची होतात. नवशिका टर्बो दाबूनच ठेवतो. तो साठा मर्यादित असतो, सोडल्यावर पुन्हा भरतो, आणि ऐन वेळी रिकामा सापडला की डोळ्यांदेखत चेंडू जातो. म्हणून पहिली शिकवण खर्चाची. दुसरी वेळेची : फेकीचे बटण दाबले की खेळाडू उडी घेतो, सोडले की चेंडू सुटतो. उडी शिखरावर असताना सोडला तर नेम लागण्याची शक्यता वाढते. ही वेळ प्रत्येक खेळाडूगणिक थोडी वेगळी भासते आणि ती बोटांना कळावी लागते. सांगून कळत नाही. बचावात नवशिका चेंडूच्या मागे धावतो. जाणता टोपली आणि चेंडू यांच्यामध्ये उभा राहतो. एकटे खेळताना साथीदार यंत्राच्या हाती असतो, पण त्याने केव्हा फेकावे, केव्हा पास द्यावा हे बटणाने सुचवता येते. साथीदाराला विसरणारे लोक फार काळ जिंकत नाहीत, हे मला या खेळातले सर्वांत शहाणे कलम वाटते.

इथवर सगळे सरळ आहे : सराव करा, बक्षीस मिळवा. ‘आग’ हा नियम आला की गुंता सुरू होतो. एकाच खेळाडूने लागोपाठ तीन बास्केट केल्या की टिम किट्झरो यांचा समालोचकी आवाज ओरडतो, चेंडू पेट घेतो, टर्बो अमर्याद होतो आणि नेम कमालीचा अचूक. प्रतिपक्षाने बास्केट केली की आग विझते. ‘आज याचा हात चालतोय’ ही जगभरच्या प्रेक्षकांची श्रद्धा येथे कायदा झाली.

१९८५ साली थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि अमोस ट्वर्स्की यांनी ही श्रद्धा तपासली होती. फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सच्या सामन्यांतल्या फेकी मोजून त्यांनी मांडले की मागची फेक लागली म्हणून पुढची लागण्याची शक्यता वाढत नाही. माणूस योगायोगात साखळ्या पाहतो. पुढे २०१८ साली जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सान्हुर्हो यांनी त्या मोजणीच्या पद्धतीतच एक सूक्ष्म कल असल्याचे दाखवले आणि ‘चालता हात’ पुन्हा वादात आणला. खेळ या वादात पडत नाही. तो प्रेक्षकाला म्हणतो, तुझा विश्वास होता ना, घे, खरा केला. वास्तवाशी इमान राखण्याच्या नादात पुढचे अनेक क्रीडा-गेम जड झाले. हा तगला, कारण त्याने इमान राखले ते प्रेक्षकाच्या कल्पनेशी.

पण आग उघड आहे. ती दिसते, ऐकू येते, विझवता येते. त्याच यंत्रात एक दुसरी गोष्ट आहे, ती दिसत नाही. एक बाजू फार मागे पडली की यंत्र गुपचूप पारडे तिच्याकडे झुकवते, तिचे नेम अधिक लागू लागतात आणि गुणांतले अंतर मिटू लागते. कारण शोधायला दूर जायला नको. नाण्याने डाव एक-चतुर्थांशाने मिळत असे. २० गुणांनी हरणारा पुढच्या भागासाठी खिशात हात घालत नाही, दोन गुणांनी हरणारा घालतो.

आपल्या गल्लीतल्या खेळात यासाठी एक शब्द आहे : कच्चा लिंबू. धाकट्या भावंडाला खेळू द्यायचे, पण त्याच्यावर राज्य आणायचे नाही. ती सवलत डाव सुरू होण्याआधी सर्वांसमक्ष जाहीर होते. धाकट्याला ती ठाऊक असते, थोडी बोचतेही, आणि एक दिवस तो ‘आता मी पक्का’ म्हणून ती नाकारतो. यंत्राचा कच्चा लिंबू मात्र स्वतः अंधारात असतो. आपण झुंजून बरोबरी केली, असे त्याला वाटते. पुढे असलेला स्वतःच्या हाताला दोष देतो. फ्रेंच विचारवंत रॉजर कायवा यांनी १९५८ साली खेळांचे वर्गीकरण करताना स्पर्धा आणि दैव असे दोन वेगळे प्रकार मानले. हा प्रकार दोन्हींत बसत नाही. ते दैवाचे सोंग आहे. मदतीला माझा आक्षेप नाही, लपवण्याला आहे. पक्के होण्याची वाटच त्यामुळे बंद होते.

टर्मेल डेट्रॉइट पिस्टन्सचे चाहते. शिकागो बुल्स डेट्रॉइटशी खेळत असतील आणि सामना अटीतटीचा असेल, तर शिकागोची शेवटची फेक चुकावी अशी तजवीज आपण केली होती, असे त्यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितले. किस्सा म्हणून तो गमतीचा आहे. पण पंच नसलेल्या खेळात पंच कुठे बसला होता, ते त्यातून कळते.

तरीही जाणता खेळाडू यातून मार्ग काढतो. पहिल्या भागात मोठी आघाडी घेऊन उपयोग नाही हे त्याला उमगते. तो टर्बो राखून ठेवतो, समोरच्याची आग लगेच विझवतो आणि अखेरच्या मिनिटात चेंडू आपल्याकडे राहील अशी आखणी करतो. खेळ त्याला बास्केटबॉल शिकवत नाही, स्वतःचा स्वभाव शिकवतो.

घरच्या कन्सोलवर हा खेळ आला तेव्हा पर्यायांच्या यादीत यंत्राची ही मदत बंद करण्याची सोय होती. नाण्याचा प्रश्न उरला नव्हता. ती बंद केली की डाव अनेकदा एकतर्फी होतात, आणि दोघांत जो कच्चा असतो तो शेजारी बसलेल्याकडे पाहून म्हणतो, चालू कर. मग यादी उघडते, आणि ते कोणासाठी चालू होते आहे हे दोघांनाही दिसते.