४९२००१: न बदलणारा पत्ता, बदलणारी माहिती

वेब-सेवेचा पत्ता वाचनीय असावा, असे पाठ्यपुस्तके सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. पत्त्याचे मूल्यमापन करताना आणखी दोन प्रश्न विचारले पाहिजेत: तो दहा वर्षांनीही चालेल का? आणि वाटेतल्या कॅशला त्याचा उपयोग होईल का?

उदाहरण रायपूरचे घेऊ. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले. २०१२ मध्ये रायपूर जिल्ह्यातून बलौदाबाजार आणि गरियाबंद हे जिल्हे वेगळे झाले. शहराचा ४९२००१ हा पिनकोड मात्र तोच राहिला.

आता एका काल्पनिक सेवेचे तीन पत्ते पाहा:

१. /मध्यप्रदेश/रायपूर/पिनकोड/४९२००१
२. /माहिती-आण?पिन=४९२००१&सत्र=८७३१
३. /पिनकोड/४९२००१

पहिला सर्वांत वाचनीय, पण राज्याचे नाव हा त्याच्या ओळखीचा भाग झाला आहे. राज्य बदलले की पत्ता खोटा ठरतो. ३०१ क्रमांकाचा प्रतिसाद देऊन जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवता येते, पण ती व्यवस्था पुढे कायम सांभाळावी लागते.

दुसऱ्यात 'आण' हे क्रियापद अनावश्यक आहे. ते काम एचटीटीपीची 'गेट' पद्धत करतेच. खरा दोष सत्र-क्रमांकाचा आहे. आरएफसी ९१११ (२०२२) नुसार कॅश किमान पद्धत आणि संपूर्ण पत्ता यांवरून साठवलेले उत्तर ओळखतो. शंभर विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न विचारला, तरी सत्र-क्रमांक वेगळे असल्याने पत्ते शंभर होतात आणि सर्व्हरला शंभर वेळा राबावे लागते. दोष प्रश्नचिन्हाला देण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. उत्तर किती काळ ताजे मानावे हे सर्व्हरने सांगितले, तर प्रश्नचिन्ह असलेल्या पत्त्याचे उत्तरही साठवता येते. मात्र घटकांचा क्रम नेहमी एकच ठेवावा. क्रम बदलला की कॅशच्या दृष्टीने पत्ताही बदलू शकतो.

तिसरा पत्ता उजवा, पण निर्दोष नाही. आकडा वाचून रायपूर डोळ्यांसमोर येत नाही. ही उणीव उत्तरात शहराचे व राज्याचे नाव देऊन भरून काढावी. शिवाय उतरंड मुळातच वाईट, असा निष्कर्षही काढू नये. पिनकोडातही उतरंड आहे: पहिला अंक ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग दाखवतो. ती टपाल वाटपाच्या सोयीने आखलेली आहे, म्हणून राज्य बदलूनही टिकली.

रॉय फील्डिंग यांनी २००० सालच्या प्रबंधात रेस्ट मांडताना हाच भेद केला होता: पत्ता संकल्पनेचा असतो, तिच्या आजच्या माहितीचा नव्हे. म्हणून पत्ता स्थिर ठेवावा आणि बदल उत्तराच्या शीर्षकांतून हाताळावा. 'कॅश-कंट्रोल'मध्ये ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, अशी मुदत द्यावी. मुदत संपल्यावर कॅश 'ई-टॅग' दाखवून विचारणा करतो. माहिती बदलली नसेल, तर सर्व्हर ३०४ एवढेच कळवतो. मजकूर पुन्हा पाठवावा लागत नाही. मंद जोडणीवर काम करणाऱ्याला ही बचत लगेच जाणवते.

आपल्या प्रकल्पातील प्रत्येक पत्त्याला एकच कसोटी लावा: उद्या जिल्हा बदलला, तर हा पत्ता बदलावा लागेल का?